काळ्या मातीचं अंगण, घरातलं कुत्रं आणि प्लास्टिकचं गवत

बॉक्स क्रिकेटमुळे गेल्या काही वर्षांत कृत्रिम हिरवळ आपल्याकडे गल्लोगल्ली पोचली. रिकाम्या प्लॉटला जाळी लागली, खाली हिरवा टर्फ अंथरला गेला, रात्री दिवे पेटले. तोच टर्फ आता हॉटेलांच्या गच्चीवर, दुकानांच्या पायऱ्यांवर आणि रो-हाउसच्या अंगणातही दिसतो. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना त्याचा मोह पडतो, आणि तो अगदी समजण्यासारखा आहे. पुणे, नाशिक, सोलापूर, संभाजीनगर, नागपूर, या पट्ट्यात ज्याचं अंगण काळ्या मातीचं आहे त्याला विचारा. जूनमध्ये दोन पाऊस झाले की अंगणात एक चक्कर मारून आलेल्या कुत्र्याच्या चारही पंजांना चिखलाचे गोळे चिकटलेले असतात. घरभर ठसे उमटतात. माणसं चार महिने फडकं घेऊन त्याच्या मागे फिरतात.

मग कुणीतरी माप घ्यायला येतो, नमुन्यांचे तुकडे दाखवतो, ‘पेट-फ्रेंडली आहे’ म्हणतो, आणि दोन दिवसांत अंगण हिरवंगार होतं. पुढची गोष्ट मी तीन-चार घरांत पाहिली आहे आणि ती सगळीकडे जवळपास सारखीच घडली. ऑगस्टमध्ये वास सुरू झाला. दिवाळीपर्यंत गवताला फुगवटे आले. मे महिन्यात मधोमध खळगा पडला आणि दोन पट्ट्यांमधला सांधा उघडला. प्रत्येक घरात खापर गवतावर फुटलं. गवत बदलून पुन्हा घातलं, पुन्हा तेच झालं.

दोष बहुतेक वेळा गवताखाली असतो. म्हणून या लेखात गवताकडे आपण उशिरा येणार आहोत. आधी माती, मग शू, मग खडी, आणि त्यानंतर दुकान.

काळी माती पाणी का अडवते

एका वाटीत तांदूळ घ्या, दुसरीत मैदा. दोन्हींवर चमचाभर पाणी ओता. तांदळातून पाणी सरळ तळाला जातं. मैद्यावर ते आधी थबकतं, मग वरचा थर चिकट होतो आणि त्याच्याखाली कोरडा मैदा तसाच राहतो. वाळू आणि चिकणमाती यांच्यातला फरक नेमका हाच आहे. चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो. कण इतके बारीक, की मधल्या फटीही तितक्याच बारीक, आणि त्यांतून पाणी रेंगाळत जातं. वाळूमिश्रित पोयट्याच्या जमिनीत तासाला 20 ते 30 मिलिमीटर पाणी मुरतं. चिकणमातीत तेच 1 ते 5 मिलिमीटर.

आपली काळी माती तर चिकणमातींमध्येही वेगळी. दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, झिजून ती तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. नाव एकदाच लक्षात ठेवा, पुढे लागणार नाही. त्याची रचना चिरोट्यासारखी असते, पापुद्र्यावर पापुद्रा. पाणी मिळालं की ते या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. पावसात भिजलेली वही जशी जाड होते, तशी. पाणी गेलं की माती आक्रसते आणि तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात शेतातल्या भेगेत हात जातो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना अधिक सांगायला नको. घरांचे पायेसुद्धा ही माती हलवते. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी कंदासारखे फुगीर असणारे खास खांब विकसित केले. जी माती भिंतीला तडे पाडते, ती दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या गवताला काय दाद देणार?

इथे एक फसवणूक होते, आणि चांगली जाणती माणसंही तीत सापडतात. पाणी मुरतं का हे पाहण्यासाठी लोक एप्रिलमध्ये अंगणात बादली ओततात. पाणी भराभर गायब होतं. ‘आमच्याकडे निचरा छान आहे,’ असा निष्कर्ष निघतो. ते पाणी मातीत मुरलेलं नसतं, भेगांतून खाली पळालेलं असतं. जुलैत माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन परातीसारखी पाणी धरून बसते. म्हणून परीक्षा ओल्या जमिनीवरच घ्या. फूटभर खोल खड्डा करा, संध्याकाळी तो पाण्याने भरा, रात्रभर जिरू द्या. सकाळी पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीने मोजा. अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरली, तर मातीच्या भरवशावर काहीही अंथरू नका.

माती किती चिकण आहे हे तर तळहातावरच कळतं. ओली करून तिची वळी वळा. पापडाच्या लाट्या करताना वळतो तशी लांब, बारीक वळी न तुटता झाली, तर ती तुमच्यासाठी या लेखातली माती आहे.

शू जाते कुठे?

निरोगी कुत्रं दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 20 ते 40 मिलिलिटर शू करतं. 30 किलोचा लॅब्रॅडॉर धरला तर रोजचे 600 ते 1200 मिलिलिटर. पाऊस नसलेल्या सात महिन्यांत, अगदी कमीत कमी धरूनही, सव्वाशे लिटरच्या आसपास. अर्धी शू रस्त्यावर फिरायला नेल्यावर होते असं मानलं, तरी साठेक लिटर त्या एवढ्याशा अंगणात, आणि तीही कुत्र्याच्या आवडीच्या दोन-तीन कोपऱ्यांत.

शूमध्ये युरिया असतो. शेतात घालतो तोच. ताज्या शूला फारसा उग्र दर्प नसतो. मातीतले आणि धुळीतले जिवाणू युरिया फोडतात तेव्हा अमोनिया निघतो, आणि नाकात जाणारा दर्प त्याचा. खऱ्या गवताखाली हा अमोनिया माती धरते, मुळं खातात. फार झाला तर गवत पिवळं पडतं, म्हणजे निदान ते काहीतरी पचवत तरी असतं. प्लास्टिकचं गवत काहीच पचवत नाही. वरून आलेलं सगळं त्याला एकतर खाली सोडायचं असतं, नाहीतर अंगावर धरून ठेवायचं असतं.

म्हणून माझं सांगणं असं की हे काम गालिचा अंथरण्यासारखं पाहू नका, मोरी बांधण्यासारखं पाहा. मोरी बांधताना आपण फरशीच्या रंगाआधी ढाळ बघतो. पाणी कुठल्या कोपऱ्यात जाणार, जाळी कुठे, पाइप कुठे निघणार, हे ठरल्याशिवाय गवंडी फरशीला हात लावत नाही. कुत्र्याच्या गवतालाही हाच क्रम लागतो. टर्फवाल्याला तुमचा पहिला प्रश्न ‘कितीला फूट?’ हा नसावा. ‘पाणी कुठून बाहेर काढणार?’ हा असावा. त्याच्याकडे उत्तर नसेल तर माणूस बदला.

खड्डा खणून खडी भरली की झालं?

अनेकजण इतपत करतात. चार-सहा इंच माती काढतात, खडी भरतात, वर कच पसरून गवत लावतात. वाळवट जमिनीत हे चालून जातं. काळ्या मातीत त्याचा हौद होतो. हिशोबच करू.

अंगण 10 बाय 15 फूट, म्हणजे 150 चौरस फूट. चार इंच जाडीची खडी म्हणजे 50 घनफूट, अर्धा ब्रास. खडीच्या दगडांमध्ये साधारण 40 टक्के जागा पोकळ असते, म्हणजे तिच्यात 20 घनफूट, जवळजवळ 565 लिटर पाणी मावतं. आता 50 मिलिमीटरचा एक जोरदार पाऊस या अंगणावर पडला, तर तो होतो सुमारे 700 लिटर. एका सरीतच हौद भरून वाहिला. खालची माती तासाला 14 ते 70 लिटर पाणी घेणार, म्हणजे तो रिकामा व्हायला आठ तासांपासून चाळीस तासांपर्यंत वेळ. तोही पाऊस पूर्ण थांबला तर, आणि आपल्याकडे जुलैत पाऊस पूर्ण थांबण्याची वाट कोण बघतो!

या हौदात उभं असतं ते निव्वळ पावसाचं पाणी नव्हे. त्यात कुत्र्याची शू असते, शीचे राहिलेले कण असतात. वर हिरवं झाकण आहे, त्यामुळे ऊन लागत नाही, वारा लागत नाही. ऑगस्टच्या वासाचं मूळ हे आहे.

आणि प्रश्न नुसत्या वासाचा नाही. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू बाधित कुत्र्यांच्या आणि उंदरांच्या लघवीतून बाहेर पडतात आणि साचलेल्या पाण्यात, ओल्या मातीत तग धरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने हा आजार पाहिला. कोकणातल्या भातशेतीत राबणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. कोरड्या, उन्हाच्या जागी हे जंतू टिकत नाहीत. तेव्हा अंगणाखाली पाणी साठू न देणं हे घरातल्या लहान मुलांसाठीही आहे. कुत्र्याला दरवर्षी लेप्टोची लस द्यावी लागते. ती चुकली असेल तर हा लेख अर्धा सोडून आधी त्याचं कार्ड तपासा.

अजून एक. हा हौद घराच्या जोत्याला लागून असेल, तर एका बाजूची माती सतत भिजून फुगत राहते आणि तडा भिंतीला जातो. गवताचे पैसे वाचवायच्या नादात भिंत दुरुस्त करायची पाळी येते.

मग खाली काय घालायचं

सगळ्यात आधी बाहेर पडायची वाट ठरवा. अंगणाचा सर्वांत खालचा कोपरा शोधा आणि तिथून पाणी सोसायटीच्या गटाराला किंवा ड्रेनेजच्या चेंबरला कसं जाईल ते पाहा. शू मिसळलेलं पाणी शेजाऱ्याच्या कंपाउंडकडे किंवा बोअरवेलजवळ सोडू नये, हे उघड आहे. शोषखड्डा हा उपाय काळ्या मातीत टिकत नाही, कारण शोषणार कोण? तोही दुसरा हौदच.

मग खोदकाम. ढाळ घरापासून दूर, 10 फुटांना दीड-दोन इंच. हा ढाळ वरच्या कचेला देऊन भागत नाही, खोदलेल्या मातीच्या तळालाच द्यावा लागतो, कारण पाणी तळावरूनच वाहणार असतं. तळ धुमसाने किंवा छोट्या रोलरने नीट दाबून घ्यायचा. खालच्या कडेला चर काढून तीत भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, आणि पाइपाभोवती खडी.

तळावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं. हे न विणलेलं, नमद्यासारखं दाबून केलेलं जाड कापड. काम चहाच्या गाळणीचं: पाणी जाऊ द्यायचं, कण अडवायचे. हे नसेल तर पावसाळ्यात खालची माती चिखल होऊन खडीत वर चढते, आणि उन्हाळ्यात खडी भेगांत उतरते. दोन-तीन वर्षांत खडी आणि माती यांची खिचडी होते आणि निचरा संपतो. एवढ्याशा अंगणाला लागणाऱ्या या कापडाचा खर्च बाकीच्या कामापुढे किरकोळ असतो. तरी बहुतेक ठिकाणी तेच वगळलेलं असतं. माझ्या मते हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महागात पडणारा कंजूसपणा आहे.

कापडावर चार ते सहा इंच धुतलेली, भुकटी नसलेली 20 मिलिमीटरची खडी, तिच्यावर इंचभर बारीक, कणीदार खडी. इथे मुरमाबद्दल सांगायला हवं. काळी माती काढून मुरूम भरायची आपल्याकडची पद्धत जुनी आहे, आणि रस्त्याखाली, फरशीखाली ती योग्यही आहे, कारण मुरूम फुगत नाही आणि दाबला की घट्ट बसतो. पण घट्ट बसतो याचा अर्थच पाणी सोडत नाही. मऊ मुरमात माती भरपूर असते. कुत्र्याच्या गवताखाली वरचा थर मुरमाचा नको. तीच गोष्ट दगडाच्या भुकटीची. दिसायला छान सपाट, पण भिजली की सिमेंटसारखी बसते आणि शू तिच्यावरच थांबते.

खणायलाच जागा नसेल, किंवा अंगण रस्त्यापेक्षा खोल असेल तर? तेव्हा खाली जाऊ नका, वर या. कडेने विटांची किंवा कर्बची एक ओळ लावून थर जमिनीच्या वर उभारा, म्हणजे पाण्याला उतरायला वाट मिळते. आणि अंगणात आधीच ढाळ असलेला कोबा असेल तर तो फोडू नका. त्यावर टेरेस गार्डनसाठी मिळणारे प्लास्टिकचे ड्रेनेज सेल, म्हणजे पायांवर उभ्या जाळीदार चौकटी, मांडा आणि वर गवत सोडा. खालून पाणी मोकळं वाहतं, आणि महिन्यातून एकदा गवत उचलून कोबा घासता येतो. छोट्या अंगणासाठी मला तर हाच प्रकार सर्वांत पटतो. मोरी उघडून धुता येते, पुरलेली खडी धुता येत नाही.

आता गवताकडे

कृत्रिम हिरवळीचा इतिहास सुरू होतो तो खेळाच्या मैदानांवर. 1966 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या छत असलेल्या स्टेडियममध्ये खरं गवत जगेना, तेव्हा ती तिथे अंथरली गेली आणि जगभर गाजली. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी तिच्यावर आली. सांगायचा मुद्दा हा की तिचा जन्म खेळाडूंच्या बुटांसाठी झाला. कुत्र्याच्या गरजा वेगळ्या आहेत, आणि बॉक्स क्रिकेटचा उरलेला टर्फ स्वस्तात मिळतोय म्हणून घेणं इथेच चुकतं.

तुकडा हातात घेतला की आधी उलटा करा. पाठीमागचं अस्तर बघा. बहुतेक स्वस्त गवतांना काळा लॅटेक्सचा लेप असतो आणि त्याला ठरावीक अंतरावर भोकं पाडलेली असतात. शू नेमकी भोकावर पडत नाही. ती दोन भोकांच्या मधल्या लेपावर पसरते, तिथे थोडी राहते, सुकते, पुन्हा भिजते. लॅटेक्स ओल धरतो आणि वासही धरतो. पॉलियुरेथेनचा लेप ओल कमी धरतो. त्याहून बरं ते सगळीकडून पाणी सोडणारं, जाळीसारखं अस्तर. दुकानातच तुकड्यावर ग्लासभर पाणी ओता. चाळणीतून गेल्यासारखं गेलं पाहिजे, तळं होता कामा नये.

मग पाती. नायलॉन टणक, पण ओल शोषतो. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, राठ, आणि लवकर आडवं पडतं. पॉलिएथिलीन मऊ असतं, ओल शोषत नाही, उभं राहतं; कुत्र्यासाठी ते घ्यावं. उंची 25 ते 35 मिलिमीटर पुरे. 50 मिलिमीटरचं लुसलुशीत गवत फोटोत सुरेख दिसतं, पण त्यातून शी उचलायचा प्रयत्न एकदा करून बघा. काही गवतांच्या बुडाशी खऱ्यासारखं दिसावं म्हणून कुरळे तपकिरी धागे दिलेले असतात. कुत्रं असलेल्या घरात ते जितके कमी तितकं चांगलं, कारण घाण तिथेच अडकते. गादीसारखा फोमचा थर खाली घालायला कुणी सुचवलं तर नको म्हणा. तो स्पंजासारखा शू पितो.

पाती उभी राहावीत म्हणून मध्ये जे भरतात ते भरण. मैदानांवर वाळू आणि जुन्या टायरांची काळी रबराची भुकटी असते. घरात कुत्र्यासाठी ही भुकटी अजिबात नको. ती तापते, केसांत अडकते, कुत्रं ती चाटतं. युरोपीय संघाने तर सूक्ष्म प्लास्टिकच्या प्रदूषणामुळे असं भरण विकायला 17 ऑक्टोबर 2031 पासून बंदी ठरवली आहे. गोल दाण्याची धुतलेली सिलिका वाळू चालते.

तिसरा पर्याय झिओलाइट, आणि त्याची गोष्ट आपल्या घरचीच आहे. झिओलाइट हे मधाच्या पोळ्यासारखं पोकळ्यांनी भरलेलं खनिज. त्या पोकळ्यांत ते शूमधला अमोनियम पकडून ठेवतं, म्हणून वास कमी येतो. ज्या दख्खनच्या कातळातून आपली काळी माती झाली, त्याच कातळातल्या पोकळ्यांमध्ये झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला लांबून लोक येतात. भरणासाठी वापरतात तो क्लिनोप्टिलोलाइट नावाचा प्रकार आपल्याकडच्या ह्यूलंडाइटचा सख्खा भाऊ आहे. एकाच कातळाची माती शू अडवून ठेवते आणि त्याचाच स्फटिक तिचा वास गिळतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

पण झिओलाइटच्या पोकळ्या भरतात. त्या रिकाम्या करायला मिठाच्या पाण्याने धुवा असं सांगितलं जातं. मिठातला सोडियम आत शिरतो आणि अमोनियम बाहेर ढकलतो, त्यामागचं तत्त्व बरोबर आहे. पण ते खारट पाणी पुढे तुमच्या काळ्या मातीत गेलं तर? सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात आणि फटी बुजवतात. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात आणि तिला किती घाबरतात हे ज्याला माहीत आहे तो अंगणात मीठ ओतणार नाही. खालून पाइप असेल आणि पाणी गटारात जात असेल तरच हा प्रयोग करा. एरवी दोन-तीन वर्षांनी भरण बदला.

मातीतच वाळू मिसळली तर?

हा प्रश्न हमखास येतो. थोडी वाळू मिसळून चिकणमाती मोकळी होत नाही. वाळूच्या कणांमधल्या जागेत चिकणमाती जाऊन बसते आणि विटेसारखा गच्च गोळा होतो. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागते, म्हणजे माती बदलल्यासारखंच. जिप्सम चोपण जमिनीला लागू पडतं, कारण ते सोडियम हटवतं. साध्या काळ्या मातीचं फुगणं त्याने थांबत नाही. शेणखताने माती खरोखर भुसभुशीत होते, पण ते कुजून खाली बसतं आणि त्याबरोबर गवतही बसतं. झाडांसाठी उत्तम, टर्फखाली निरुपयोगी.

उन्हात पाय भाजणार नाहीत का?

भाजतील, आणि हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. खरं गवत पानांतून पाणी सोडून स्वतःला थंड ठेवतं. प्लास्टिकला ते जमत नाही. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या मैदानावर 2002 मध्ये मोजमाप झालं तेव्हा हवा 37 अंश असताना टर्फचं तापमान 93 अंश सेल्सियसपर्यंत गेलेलं आढळलं. अकोला-नागपूरकडे मे महिन्यात हवाच 45 अंश असते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंग निववतं, आणि त्याच्या पंजाखाली चप्पल नसते.

पाणी मारलं की गवत गार होतं, पण थोडाच वेळ. खरा उपाय सावली. कडुनिंब, शेडनेट, काहीही, पण दुपारच्या उन्हात सावली मिळणारी जागाच निवडा. तळहात गवतावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला धरवत नसेल तर त्यालाही उभं राहवत नाही. विदर्भातल्या उघड्या, पश्चिमाभिमुख अंगणात मी हे गवत सुचवणार नाही.

पाणी वाचतं म्हणतात ना?

कुत्रं नसेल तर वाचतं. कुत्रं असेल तर शूची जागा रोज धुवावी लागते. पण सगळं अंगण नळीने झोडपायची गरज नाही. बादलीभर पाणी त्या ठरावीक कोपऱ्यावर जोरात ओतलं की पुरतं. टँकरच्या दिवसांत भाजी धुतलेलं पाणीही चालेल. आठवड्यातून एकदा एन्झाइमचा क्लीनर मारा. तो वासावर अत्तर शिंपडत नाही, वासाचं मूळच फोडतो.

हात सवयीने फिनाईलकडे जाईल. जाऊ देऊ नका. काळ्या फिनाईलमधले फिनॉल कुत्र्याला विषारी असतात, मांजरांना तर फारच, आणि ही जनावरं पंजे चाटत बसतात. ब्लीच त्याहून वाईट. ब्लीच आणि शूमधला अमोनिया एकत्र आले की घशाला आणि फुप्फुसाला जाळणारा वायू निघतो. बंदिस्त अंगणात वाकून घासणाऱ्या माणसाला तो आधी लागतो.

पिल्लू घरात असेल तर थोडं थांबा. दात येण्याच्या वयात ते गवताचे धागे उपटून गिळतं, आणि धागे आतड्यात अडकले तर ऑपरेशनची वेळ येते. कडा मातीत नीट दाबलेल्या हव्यात. उचकटलेल्या कडेखाली गोचिडांनाही आयती फट मिळते.

खरं गवतच का नको?

अंगण मोठं असेल आणि कुत्रं एकच असेल, तर खरंच लावा. हरळी काळ्या मातीत जोमाने येते, तुडवली तरी पुन्हा उठते. शेतकरी तिला उपटून थकतो, इतकी ती चिवट. शूचे पिवळे डाग पडतील, पाणी लगेच ओतलं तर कमी पडतील. अडचण असते ती चार बाय चार मीटरच्या, दोन भिंतींमधल्या, कमी उन्हाच्या अंगणात. तिथे हरळी टिकत नाही आणि चिखल संपत नाही.

अशा ठिकाणीही सगळं अंगण झाकायची गरज नाही. दारापासून कोपऱ्यापर्यंत शहाबादी फरशीची वाट, आणि कोपऱ्यात ड्रेनेज सेलवर चार बाय सहा फुटांचं गवत. कुत्र्याला तिथेच शू करायची सवय लावायला दोन-तीन आठवडे लागतात, दर वेळी पट्ट्याला धरून तिथे न्यायचं आणि झाल्यावर शाबासकी द्यायची. धुवायची जागा कमी, तापणारं प्लास्टिक कमी, उरलेल्या मातीत मोगरा लावता येतो.

केव्हा करायचं

पावसाळ्यात खणलं तर तळ दाबला जात नाही, नुसता चिखल होतो. मे महिन्यात खणलं तर भेगाळलेल्या मातीवर थर बसतो आणि पहिल्या पावसात ती माती सगळं उचलते. दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, माती हाताला वळेल इतकी ओली आणि पाय रुतणार नाही इतकी कोरडी असते. तेव्हा काम काढा.

तोवर निवडलेल्या गवताचा हातभर तुकडा मागून घ्या आणि कुत्र्याच्या आवडत्या कोपऱ्यात आठवडाभर टाकून ठेवा. रोज धुवा आणि आठव्या दिवशी नाकाशी धरा. दुकानदार जे सांगणार नाही ते तो तुकडा सांगेल.

आणि खडी दाबून झाली की गवताची गुंडाळी उघडायच्या आधी कारागिराला थांबवा. घराच्या बाजूने तीन-चार बादल्या ओता आणि गटाराच्या टोकाशी पाइपाजवळ जाऊन उभे राहा. पाणी बाहेर यायला लागलं की त्याला गवत लावायला सांगा. नाही आलं, तर खडी उचलायला सांगा.